कलमांची बाग आणि थांबण्याची ऐपत

कोंकणांतील डोंगरउतारावर आंबा व काजू उत्तम येतात, ही गोष्ट कांहीं नवी नव्हे. काजू तर पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून सोळाव्या शतकांतच आला. मग कोंकणी कुटुंबाची चूल पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनिऑर्डरीवर कां पेटत राहिली? दोष जमिनीचा किंवा माणसाच्या आळसाचा, असें उत्तर सहसा मिळतें; आम्हांस तें पटत नाहीं.

भाताचा हिशेब चार महिन्यांत मिटतो. बागेचा तसा नाहीं. आंब्याचें कलम धरावयास पांच-सहा वर्षें लागतात, रायवळ रोप त्याहून अधिक काळ घेतें. जमीन खोताची असतां कुळानें इतक्या लांबच्या फळासाठीं खड्डा कां खणावा? झाड वाढेल तोंच जमीन काढून घेतली जाईल, ही त्याची भीति अनाठायीं नव्हती. डॉ. आंबेडकरांनीं 1937 सालीं खोतीविरुद्ध विधेयक मांडलें, तें मंजूर झालें नाहीं. खोती नष्ट करणारा कायदा 1949 सालचा.

जमीन मिळाली, पण भांडवल नव्हतें. आणि 1982 च्या गिरणीसंपानें मनिऑर्डरीचाही ओघ आटला. पुढें 1990 सालीं, दुष्काळांत जन्मलेल्या रोजगार हमी योजनेशीं फळबागलागवड जोडण्यांत आली. कलमें, खत यांचा खर्च सरकारनें उचलला आणि अल्पभूधारकास स्वतःच्याच जमिनींत राबल्याबद्दल मजुरी मिळाली. आमच्या मतें या योजनेचें मर्म रकमेंत नाहीं. थांबण्याचा भार तिनें वांटून घेतला, यांत आहे.

मात्र सगळा नव्हे. मदत पहिल्या तीन वर्षांची, फळ त्यानंतरचें. दहा मीटर अंतरानें एकरांत चाळीस कलमें बसतात. मधल्या मोकळ्या जागेंत ज्यानें कुळीथ-नाचणी घेतली त्यानें तीं वर्षें काढलीं, ज्याच्यापाशीं पाणी नव्हतें त्याचीं कलमें उन्हाळ्यांत वाळलीं. शिवाय हापूस एका वर्षीं भरभरून येतो नि दुसऱ्या वर्षीं रुसतो. अशा वेळीं दलालाची उचल घ्यावी लागते, आणि ज्याची उचल त्याच्याच गाळ्यावर पेटी, हा बाजाराचा शिरस्ता.

काजू त्या मानानें कमी मिजाशीचा. वेंगुर्ल्याच्या संशोधनकेंद्रांत निघालेल्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या जातींनीं लहान शेतकऱ्यास आधार दिला. परंतु बी कच्चीच विकली, तर तिच्या भावास आफ्रिकेंतून येणाऱ्या मालाशीं झुंजावें लागतें. ज्या घरीं बी फोडून गर विकला जातो, तेथें चार पैसे अधिक राहतात. टरफलाच्या तेलानें बायकांचे हात भाजतात, तो आंकडा मात्र कोणत्याही जमाखर्चांत आम्हांस आढळला नाहीं.