परक्या बाजाराचा शब्द

महाड तालुक्यातील बिरवाडीस बसून जपानी ‘आनिमे’ चित्रपटातील एखाद्या पात्राची बाहुली थेट टोकियोच्या दुकानातून मागवावयाची, तर पैशाच्या आधी शब्द हाती असावा लागतो. संगणकावर तिचे इंग्रजी नाव लिहून शोध घेतला, तर बहुधा मध्यस्थाने चढ्या भावाने मांडलेला मालच पुढे येतो. जपानी विक्रेत्याने ती ‘नुइगुरुमी’, म्हणजे शिवून गुंडाळलेली वस्तू, या नावाखाली मांडलेली असते.

परक्या बाजाराच्या शब्दाशी या मुलखाचा परिचय जुना आहे. सावित्रीच्या खाडीने महाडच्या बंदरात माल येत असे. बिरवाडीहून जवळच असलेल्या रायगडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला आणि पुढे शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंत हणमंते यांनी ‘राजव्यवहारकोश’ सिद्ध करविला. फारसी शब्दांस संस्कृत पर्याय देणाऱ्या या कोशाचे दहा वर्ग असून त्यांतील एक पण्यवर्ग, म्हणजे विक्रीच्या मालाचा. दरबारात अमात्य, सचिव, सुमंत ही नावे रूढ झाली. बाजाराने मात्र दुकान, दलाल, किंमत, नमुना हे शब्द सोडले नाहीत. यात कोशकारांचा पराभव मानण्याचे कारण नाही. अधिकाऱ्याचे नाव राजा ठरवू शकतो. मालाचे नाव घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या तोंडीच ठरावयाचे.

जपानातही तेच घडले. ओसामु तेझुका यांच्या ‘तेत्सुवान आतोमु’ या मालिकेचे दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण १ जानेवारी १९६३ रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी मेइजी कंपनीच्या चॉकलेटाबरोबर त्या यंत्रबालकाची चिकटचित्रे मुलांच्या हाती पडू लागली. पुढे अशा वस्तूंचा व्यापार वाढला, तेव्हा त्यांस इंग्रजीवरून ‘गुझ्झु’ हे नाव मिळाले. अॅक्रिलिकच्या उभ्या चित्राचे लांबलचक इंग्रजी नाव कापून ‘आकुसुता’ झाले. ते कोणा इंग्रजास ओळखू येईल असे वाटत नाही!

जुन्या मालाचा शब्दसंग्रह त्याहून महत्त्वाचा. टोकियोतील नाकानो येथे १९८० साली ‘मांदाराके’ हे जुन्या चित्रकथांचे दुकान निघाले. आता तेथे खेळणी व बाहुल्याही मिळतात. अशा मालावर ‘चूको’ असेल, तर तो वापरलेला. ‘मिकाइफू’ असेल, तर वेष्टन न फोडलेला. खरी मेख ‘वाकेआरि’ या शब्दात आहे. अक्षरशः अर्थ ‘कारण आहे’ एवढाच. ते कारण म्हणजे डाग, ओरखडा किंवा दबलेली पेटी. शब्दशः भाषांतरावर विसंबणाऱ्यास त्यात काही वावगे दिसत नाही आणि वस्तू घरी आल्यावर तो फसतो. जाणता ग्राहक मात्र हाच शब्द मुद्दाम लिहून शोधतो. कारण पेटी दबली म्हणून भाव उतरतो आणि आतली बाहुली बहुधा शाबूत असते.