आफ्रिकी वारसा आणि ऐक्ययात्रा : परभणी आणि मराठवाडा

आफ्रिकी वंशाच्या लोकांनी आपला वारसा आणि एकजूट मिरवत शहरातून काढलेल्या मोर्चांची आधुनिक परंपरा न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतून जगभर गेली. ऑगस्ट १९२० मध्ये मार्कस गार्वी यांच्या संघटनेच्या अधिवेशनानिमित्त तेथे हजारो लोक गणवेशात, बँडच्या तालावर चालले. लाल-काळा-हिरवा झेंडा त्याच अधिवेशनाने स्वीकारला. पुढे २५ मे १९६३ रोजी अदिस अबाबा येथे आफ्रिकी ऐक्य संघटना स्थापन झाली, आणि तो दिवस आफ्रिका दिन ठरला. परभणी जिल्ह्याचे या परंपरेशी नाते दोन वाटांनी जुळते. एक वाट दख्खनमध्ये वसलेल्या हबशांची आहे, दुसरी जोतीराव फुले यांच्यापासून दलित पँथरपर्यंत आलेल्या विचाराची. दोन्ही वाटा औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे एकत्र येतात.

इथिओपिया आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून आणलेली माणसे बहमनी काळापासून दख्खनच्या फौजांत होती. त्यांना हबशी किंवा सिद्दी म्हणत. गुलामगिरीतून सुटून सरदार, किल्लेदार, वजीर होण्याचा मार्ग येथे खुला होता. मात्र तो चालून गेलेले मोजकेच, आणि बाकीच्यांची नावेही इतिहासाने ठेवली नाहीत, हे विसरून चालणार नाही.

परभणीच्या मातीत या इतिहासाची सर्वांत ठळक घटना म्हणजे १५९७ ची सोनपेठची लढाई. १५९६ मध्ये अहमदनगरच्या चांदबिबीने तहात वऱ्हाड मोगलांना दिले. मोगल अंमलदारांनी मात्र तहात नसलेला पाथरीचा मुलूखही बळकावला. पाथरी हे अहमदनगरच्या निजामशाही घराण्याच्या पूर्वजांचे गाव. या घराण्याचा मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्ण्याच्या घरातला मानला जातो. त्यामुळे हा घाव वर्मी लागला. विजापूर, अहमदनगर आणि गोवळकोंडा या एरवी एकमेकांशी भांडणाऱ्या तीन सत्तांनी फौजा एकत्र केल्या आणि त्यांचे नेतृत्व विजापूरचा हबशी सेनापती सुहेलखान याच्याकडे दिले. गोदावरीच्या काठी खानखानान अब्दुर्रहीम याच्या मोगल फौजेशी गाठ पडली. पहिल्या दिवशी मोगलांच्या बाजूने लढणारा खानदेशचा राजा अलीखान मारला गेला. अंधार पडला तेव्हा दोन्ही फौजांना आपणच जिंकलो असे वाटत होते. दुसऱ्या दिवशी मोगलांची सरशी झाली आणि जखमी सुहेलखानाला त्याच्या माणसांनी रणातून उचलून नेले. लढाई हरली, पण दख्खनच्या तीन गाद्यांनी एका आफ्रिकी माणसाच्या निशाणाखाली उभे राहावे, ही गोष्ट परभणीच्या शाळांतून शिकवण्याजोगी आहे.

या परंपरेचा शिखरपुरुष मलिक अंबर. त्याचा जन्म सुमारे १५४८ मध्ये इथिओपियात झाला. लहानपणीच विकला जाऊन मोखा, बगदाद असे करत तो दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखान स्वतःही हबशीच. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर अंबरने परांड्याला निजामशाहीच्या दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवले आणि संपलेले मानले गेलेले राज्य पुढे पाव शतक चालवले. मराठा स्वारांना हाताशी धरून त्याने गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जहांगीर बादशहाचा त्याच्यावरचा राग इतका की, अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर आपण बाण मारतो आहोत असे चित्र त्याने अबुल हसन या चित्रकाराकडून काढवून घेतले. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही.

अंबरने जमिनीची पाहणी करून, पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरवण्याची पद्धत बसवली. पुढच्या राजवटींनी ती नमुना म्हणून पाहिली. १६१० च्या सुमारास त्याने खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवले आणि जमिनीखालून नहर काढून शहराला पाणी दिले. तीच खडकी पुढे फत्तेनगर आणि मग औरंगाबाद झाली. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

हैदराबाद संस्थानात आफ्रिकी वंशाच्या स्वारांचे वेगळे पथक निजामाच्या पदरी होते. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत परभणी याच संस्थानाचा जिल्हा. या सिद्दींनी आणि हद्रमौतच्या अरबांनी रुजवलेले मर्फा हे तालवाद्यसंगीत हैदराबादच्या वरातींत आजही वाजते.

दुसरी वाट पुण्यातून सुरू होते. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विल्यम ड्यू बॉईस यांना पत्र लिहून काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या अर्जाची प्रत मागवली. बाबासाहेबांनीच औरंगाबादेत उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत पीएच.डी. करून आले आणि त्यांनी काळ्या लेखकांचे साहित्य येथील तरुणांपुढे ठेवले. लातूरचे जनार्दन वाघमारे यांनी याच विषयावर मराठीत ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदींनी मुंबईत दलित पँथर स्थापन केली, ती अमेरिकेच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत तिच्या छावण्या निघाल्या. आफ्रिकेशी रक्ताचे नाते नसलेल्या माणसांनी तिकडच्या दुःखात आपले दुःख ओळखले, हे या वाटेचे मोल आहे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि लगोलग दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जाळली, विहिरी नासवल्या, माणसे मारली. नांदेड-परभणीच्या खेड्यांना याची मोठी झळ बसली. त्यातून पुढची सोळा वर्षे मोर्चांची ठरली. नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघालेला लाँग मार्च खडकपूर्णा नदीच्या पुलाजवळ अडवला गेला. लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भोगला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव जोडले गेले, म्हणजे नामविस्तार झाला.

तेव्हापासून दरवर्षी १४ जानेवारीला लोक विद्यापीठ गेटवर जमतात. त्यात परभणी जिल्ह्यातील माणसे मोठ्या संख्येने असतात. परभणी, मानवत रोड, सेलूहून रेल्वेने जालन्यामार्गे थेट येता येते. बाकीचे एसटीने किंवा जीप करून येतात. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, कडेवर लेकरे. शहरातून मिरवणुका गेटकडे येतात, आंदोलनातल्या शहिदांना अभिवादन होते, वेगवेगळ्या गटांच्या सभा भरतात आणि गायनपार्ट्यांची भीमगीते चालतात. पुस्तकांच्या दुकानांभोवतीची गर्दी हा या दिवसाचा खास भाग; बाबासाहेबांच्या ग्रंथांबरोबर तेथे फुल्यांची 'गुलामगिरी' विकत मिळते.

हा मोर्चा आफ्रिकी वारशाच्या नावाने निघत नाही. मात्र हार्लेमच्या १९२० च्या मोर्चाशी त्याचे साम्य वरवरचे नाही: नाकारलेल्या नावासाठी, रस्त्यावरच्या हक्कासाठी, पिढ्यान्‌पिढ्या हिणवलेल्यांनी एकत्र चालणे हा दोहोंचा गाभा आहे. आणि तो ज्या शहरात निघतो, ते शहर बाजारात विकल्या गेलेल्या एका इथिओपियन मुलाने वसवले आहे. मिरवणुकीत मलिक अंबरचे चित्रही असावे, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

नामविस्तार झाला त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि परभणीची महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. तरीही परभणीचे लोक १४ जानेवारीला औरंगाबादच्याच गेटवर जातात. त्यांच्यापैकी अनेकांच्या मुलांच्या पदवीवर औरंगाबादच्या विद्यापीठाचे नाव आता येत नाही.