काडतुसाला चरबी हवीच कशाला होती?
१/ १८५७ म्हटले की चरबी लावलेली काडतुसे आठवतात. ती चरबी कोणत्या प्राण्याची, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याआधीचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : काडतुसाला चरबी लावण्याची गरजच काय होती? उत्तर बंदुकीच्या नळीत दडले आहे. #थ्रेड

२/ जुन्या मस्केटची नळी आतून गुळगुळीत असे. गोळी नळीहून लहान, म्हणून झटकन आत सरके. पण सुटताना भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि नेम चुके. रायफलच्या नळीत पीळदार खाचा असतात. त्या गोळीला फिरवतात आणि भोवऱ्यासारखी स्थिर ठेवतात. अट एकच : गोळी खाचांत घट्ट बसली पाहिजे.

३/ पण घट्ट गोळी नळीच्या तोंडातून भरायची कशी? अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियाचे शिकारी किंचित लहान गोळी घेऊन तिच्याभोवती वंगण लावलेली चिंधी गुंडाळत. नळ्या हाताने घडवलेल्या, म्हणून प्रत्येकीचे माप निराळे. त्यामुळे कारागीर रायफलीसोबत तिच्याच मापाचा साचा देई आणि शिकारी आपली गोळी आपणच ओते.

४/ शिकाऱ्याला सवड होती, रणांगणावरील सैनिकाला नव्हती. १८४९ मध्ये फ्रेंच अधिकारी क्लोद-एत्येन मिनिए यांनी बुडाशी पोकळ असलेली लांबट गोळी तयार केली. ती सैलपणे आत जाई. दारू पेटली की बूड फुगून खाचांत रुते.

५/ याच तत्त्वावर १८५३ची एनफील्ड रायफल आली. नळी ०.५७७ इंच, गोळी ०.५६८ इंच. फरक पाव मिलिमीटरहूनही कमी! ही फट काडतुसाचा वंगण लावलेला कागद भरून काढी. वंगणामुळे गोळी सहज उतरे आणि जळालेल्या दारूची काजळीही मऊ राही.

६/ काडतूस दातांनी फाडण्याची रीत होती. जानेवारी १८५७ मध्ये दमदमला चरबीची वार्ता पसरली. सरकारने शिपायांना स्वतःचे वंगण लावण्याची, पुढे काडतूस हाताने फाडण्याचीही मुभा दिली. पण विश्वास उडाला होता. २९ मार्चला बराकपूर, १० मेला मेरठ. उठावाची कारणे अनेक होती. तरी ठिणगी पडली ती या फटीत. तिच्यात काय भरायचे, हे ठरवताना शिपायाला कोणी विचारले नव्हते.

७/ त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांच्या रायफलीची चाचणी झाली. नळी आतून षट्कोनी, गोळीही षट्कोनी. व्यास ०.४५१ इंच, एनफील्डचा पीळ ७८ इंचांत एक फेरा पूर्ण करी, व्हिटवर्थचा २० इंचांत. ५०० यार्डांवर एनफील्डचे सरासरी विचलन सव्वादोन फुटांच्या आसपास, व्हिटवर्थचे अर्ध्या फुटाहून कमी.

८/ तरीही सैन्याने ती नाकारली. काजळी साचली की भरणे अवघड होई आणि किंमतही फार होती. अचूक जुळणी महाग पडते, हा धडा तिथेही मिळाला.

९/ १८७९ मध्ये गणितज्ञ आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी या जुळणीचे सूत्र मांडले. व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणावे, लांबीने भागावे. जितके इंच येतील तितक्यात पिळाचा एक फेरा हवा. व्हिटवर्थची गोळी व्यासाच्या सुमारे तिप्पट लांब. उत्तर येते साडेबावीस इंच. व्हिटवर्थ मात्र प्रयोगांच्या बळावर आधीच २० वर पोहोचले होते!

१०/ आजही स्वतः काडतुसे भरणारा शिकारी मऊ शिशाचा तुकडा नळीतून ढकलतो, त्याचा व्यास मायक्रोमीटरने मोजतो आणि शिशाची गोळी साधारण ०.००१ इंच जाड ठेवतो. पेनसिल्व्हेनियाच्या शिकाऱ्याचेच हे काम. नेम एकट्या गोळीचा नसतो आणि एकट्या नळीचाही नसतो; तो दोघींच्या मेळाचा असतो. (समाप्त)