पाणबुडीच्या कमांडरचा समारंभी गणवेश: संग्राहकांची वस्तू आणि इतिहासाचा पुरावा

पुलगावचा दारूगोळा डेपो शेजारीच असल्यामुळे लष्कराचा हिरवा कपडा आर्वीच्या बाजारात नवा नाही. नौदलाचा पांढरा मात्र इकडे क्वचितच दिसतो. आज आपण त्यातल्याच एका कपड्याबद्दल बोलू: युद्धात पदक मिळवलेल्या पाणबुडी कमांडरचा समारंभी गणवेश.

परदेशात अशा गणवेशांचा मोठा बाजार आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांच्या कमांडरांचे कोट, टोप्या, बिल्ले चढ्या भावाने जातात, आणि भाव आला की नकलाही येतात. आपल्याकडे हा बाजार लहान आहे, पण आहे. कायदा इथे फारसा मदतीला येत नाही. 1972 चा पुरावशेषांचा कायदा साधारणपणे शंभर वर्षं जुन्या वस्तूंना लागू होतो. म्हणजे 1971 च्या युद्धातला गणवेश त्याच्या लेखी अजून नवाच! जुन्या दंडसंहितेचं कलम 140 होतं, ते सैनिक असल्याचं भासवण्यासाठी गणवेश घालण्याबद्दल. कपाटात ठेवण्याबद्दल नव्हे.

मग असा गणवेश समोर आला तर वाचायचा कसा? उदाहरण म्हणून मोहन नारायण राव सामंत यांना घेऊ. 1969 साली रशियन बनावटीची करंज पाणबुडी आपल्या नौदलात आली, तेव्हा सामंत तिचे पहिले कमांडर. करंज हे नाव उरणजवळचं, रायगड जिल्ह्यातलं. 1971 च्या युद्धानंतर सामंतांना महावीर चक्र मिळालं. तेव्हा ते कमांडर होते, पुढे कॅप्टन झाले.

आता खांद्याकडे बघा. कमांडरला तीन सोनेरी पट्ट्या, वरच्या पट्टीला वेटोळं. कॅप्टनला चार. महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी. समजा, सामंतांचा म्हणून कोणी चार पट्ट्यांचा कोट दाखवला आणि "हा युद्धातला" असं सांगितलं, तर थांबायचं. कोट खरा असेलही, पण तो युद्धानंतरचा. बटणंही बोलतात: 1950 नंतरच्या बटणांवर ब्रिटिश मुकुट असायचं कारण नाही, तिथे अशोकस्तंभाचे सिंह हवेत. आणि शिंप्याची चिठ्ठी! कॉलरच्या आत किंवा खिशात नाव लिहिलेली कापडी चिठ्ठी असली, तर आम्ही ती पदकाइतकीच मोलाची मानतो. फीत बाजारात विकत मिळते, ती कोणीही शिवून घेईल.

पण एवढं सगळं बरोबर निघालं तरी हा कपडा आपल्याला अर्धंच सांगतो. पांढरा गणवेश लढाईत नव्हताच, तो समारंभाचा. करंजसारखी पाणबुडी सुमारे 91 मीटर लांब, आत पाऊणशे माणसं, गोडं पाणी मोजून वापरायचं. तिथे इस्त्रीचा पांढरा कोट कोण घालणार?

सामंतांच्या बाबतीत तर गोष्ट आणखी पुढची. 1971 च्या मार्चअखेर पाकिस्तानच्या मांग्रो पाणबुडीवरचे बंगाली नौसैनिक फ्रान्समधल्या तुलाँ बंदरातून निसटले. त्यातले आठ जण भारतात पोचले. त्यांच्यापासून मुक्तिवाहिनीच्या पाणसैनिकांची तुकडी उभी राहिली. पलाशीजवळ, भागीरथीच्या काठी गुप्त छावणीत तिचं प्रशिक्षण झालं आणि या कामाची सूत्रं सामंतांकडे होती. मुलं खेड्यांतली, विद्यार्थी बरेच. त्यांच्याकडे गणवेश नव्हता. पोटाशी गमछ्याने सुरुंग बांधायचा आणि पोहत जहाजाखाली जायचं. 15 ऑगस्टच्या रात्री आकाशवाणीवरच्या ठरलेल्या गाण्यांची खूण घेऊन त्यांनी चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथली जहाजं उडवली.

डिसेंबरात सामंत स्वतः गनबोटींचा ताफा घेऊन मोंगला आणि खुलन्याकडे गेले. पद्मा, पलाश आणि नौदलाची पनवेल. (हो, आपलंच पनवेल.) 10 डिसेंबरला आपल्याच विमानांनी शत्रू समजून हल्ला केला आणि पद्मा, पलाश गेल्या. ओळखीसाठी बोटींवर पिवळी खूण होती, तरीही. ओळख पटवणारा रंग आयत्या वेळी किती दुबळा ठरतो, हे गणवेशाच्या इतिहासात यायला हवं असं आम्हाला वाटतं.

महावीर चक्र मिळालं ते या मोंगला-खुलन्याच्या मोहिमेसाठी. पाणसैनिकांच्या कामाबद्दल मात्र कितीतरी वर्षं उघड बोललं गेलं नाही. संदीप उन्नीथन यांच्यासोबत सामंतांनी लिहिलेलं 'ऑपरेशन एक्स' 2019 साली आलं, त्याच वर्षी ते गेले. म्हणजे जवळजवळ अर्धशतक त्या छातीवरची फीत लोकांना दिसत होती, पण तिच्यामागची निम्मी हकिकत कपाटात होती.

म्हणून विनंती ही, की घरात कोणाचा गणवेश असेल, मग तो शिपायाचा का असेना, तर बोहारणीला देण्याआधी चार गोष्टी करा. बिल्ले, फिती उसवून वेगळ्या ठेवू नका. ज्या फोटोत तो अंगावर आहे, तो फोटो सोबत ठेवा. नेमणुकीचे, बढतीचे, पदकाचे कागद त्याच पेटीत ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून तो कधी, कुठे घातला होता हे एका कागदावर लिहा, लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकून. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. पावसाळा संपला की एकदा सावलीत पसरा. उन्हात नको, फितीचा केशरी रंग आधी उडतो.

आता प्रश्न घेऊ.