उंबरठ्यावरची जप्ती

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला जो अपूर्व भाव आला, त्याच्या भरवशावर नांदगाव खंडेश्वराच्या मुलखातील, किंबहुना साऱ्या वऱ्हाडातील, कुणब्यांनी काढलेले कर्ज, युद्ध संपून भाव कोसळताच, सावकाराच्या दस्तऐवजातून दिवाणी अदालतीत आणि तेथून हुकूमनाम्यासह त्यांच्या उंबरठ्याशी येऊन ठेपले. उपजीविका बुडालेल्या माणसाला उपासापेक्षाही छप्पर जाण्याचे भय अधिक जाळते. म्हणूनच १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने शेतकऱ्याचे राहते घर जप्तीतून वगळले, हे मला मोठ्या न्यायाचे वाटते. १९७६ च्या दुरुस्तीने मजूर व घरगडी यांनाही तेच संरक्षण लाभले. गहाण टाकलेल्या घराला मात्र ही सवलत नाही. तेव्हा धमकीला भिऊन गहाणखतावर अंगठा उमटवण्यापूर्वी, वाचकहो, हे कलम कुणाकडून तरी अवश्य समजून घ्या.