खमीर

दिवाळीच्या फराळाच्या ताटात पाव ठेवला, तर आमच्या झाडीपट्टीत आजही चार माणसे हसतील. चकली, करंजी, अनारसा ही त्या ताटातली मानकरी मंडळी. पाव बिचारा चहात बुडवायचा, आजाऱ्याला द्यायचा, नाहीतर चंद्रपूरच्या एस. टी. स्थानकावर गाडीची वाट पाहताना खायचा. तरीसुद्धा गेली तीन वर्षे आमच्या घरी पाडव्याच्या सकाळी पाव भाजले जातात, आणि ते मी स्वतः भाजतो. वैनगंगेच्या काठच्या एका गावात मुलांना व्याकरण शिकवणारा आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा हा मास्तर एकाएकी भटारखान्यात का शिरला, असे सौ.च्या मैत्रिणी तिला विचारतात. त्यामागे थोडा इतिहास आहे नि थोडी माझी स्वतःची खंत आहे. आज दोन्ही सांगून टाकतो.

आधी शब्दापासून सुरुवात करू. लहानपणी आजीने मला सांगितले होते की, पीठ पायाने मळतात म्हणून त्याला ‘पाव’ म्हणतात. असा समज केवळ आजीचा नव्हे, अर्ध्या महाराष्ट्राचा आहे. पण शब्दाचा पायाशी काही संबंध नाही. तो पोर्तुगीज भाषेतून आला. बटाटा, चावी, पगार, घमेले हे शब्द ज्या वाटेने आपल्या घरात आले, त्याच वाटेने पावही आला. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, १५३४ साली वसई त्यांच्या ताब्यात आली. या मंडळींना भातावर दिवस काढणे जड जाई. शिवाय त्यांच्या देवळातल्या प्रार्थनेलाही गव्हाची भाकर लागे. गहू मिळाला, भट्ट्या बांधता आल्या, पण पीठ फुगवायला खमीर कुठून आणायचे? तेव्हा किनाऱ्यावरचा माड उपयोगी पडला. माडाची सूर, म्हणजे ताडीसारखे जे आंबणारे पेय, ती पिठात घालून पाव फुगवण्याची रीत पडली. गोव्याचे पोदेर कितीतरी पिढ्या याच सुरेवर उंडे नि पोळ्या भाजत आले.

सुरेने पीठ का फुगते, हे माझ्या वाचकांना, निदान आमच्या जंगलातल्या वाचकांना, वेगळे सांगायला नको. चैत्रात पहाटे मोहाची फुले टपटप गळतात. ती गोळा करून पाण्यात भिजत घातली की दोन-चार दिवसांत त्या मडक्यात बुडबुडे येऊ लागतात. फुलांतली साखर खाणारे अतिसूक्ष्म जीव हवेतून, फुलांवरून तिथे आलेलेच असतात. साखर खाऊन ते दोन गोष्टी बाहेर टाकतात, एक मद्यार्क आणि दुसरा कर्बवायू. मडक्यात आपण मद्यार्क राखतो नि वायू उडून जातो. पिठात वायू अडकतो, त्याने पीठ फुगते, आणि मद्यार्क भट्टीच्या आचेने उडून जातो. म्हणजे एकाच जातीच्या जीवांनी एकीकडे संसार उद्ध्वस्त केले नि दुसरीकडे पाव भाजून दिले. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली ती पहिल्या प्रकारापायी. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. पण दोष त्या जिवांचा नाही. हे काम जिवंत जीव करतात, असे फ्रान्समध्ये लुई पाश्चरने प्रयोगांनी दाखवून दिले ते १८५७ नंतरच्या काही वर्षांत. तोवर पाव फुगवणाऱ्यालाही तो का फुगतो हे ठाऊक नव्हते.

आता या निरुपद्रवी पदार्थाला आपली माणसे एवढी का भ्याली? एक तर त्यात ताडी. दुसरे, तो पाण्यात मळलेला, म्हणजे सोवळ्याओवळ्याच्या हिशेबात परक्या हातचा मुळीच न चालणारा. आणि तिसरे नि खरे कारण म्हणजे भट्टीवरचा माणूस एकतर ख्रिस्ती, नाहीतर मुसलमान. विहिरीत पाव टाकला, नकळत त्या विहिरीचे पाणी प्यायलेले सबंध गाव बाटले, अशा कथा वसईकडे नि गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. प्रत्येक कथेत खरे किती ते असो. मला त्यांतली एक गोष्ट नेहमी टोचते. पाव टाकणाऱ्याने गाव बाटवले असे आपण म्हणतो, पण त्या माणसांना ‘तुम्ही आता आमचे नाही’ असे सांगणारे त्यांचेच सोयरे होते.

गंमत पहा, आंबवलेल्या पदार्थाचे आपल्याला वावडे कधीच नव्हते. जिलबीचे पीठ आंबते, आंबील आंबते. तीन दिवस भिजवलेल्या तांदळाच्या अनारशाला तर दिवाळीच्या ताटात पहिला मान. तेव्हा प्रश्न पदार्थाचा नव्हता. ‘कोणी केले?’ हा प्रश्न होता.

याच प्रश्नाला हात घालणारी काही माणसे मुंबईत निघाली, आणि मला ती भेटली व्याकरणाच्या वाटेने. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. विभक्ती नि समास शिकवताना या गृहस्थांचे नाव मी वर्षानुवर्षे घेत होतो, पण त्यांचा पावाशी संबंध असेल असे स्वप्नातही आले नव्हते. हे दादोबा पेशाने शिक्षकच. १८४९ साली मुंबईत ‘परमहंस सभा’ निघाली, तिच्यामागे त्यांची प्रेरणा होती, आणि राम बाळकृष्ण जयकर हे तिचे अध्यक्ष होते. ईश्वर एक आहे, जातिभेद खोटा आहे, असे मानणाऱ्या तरुणांची ही सभा. जातिभेद खोटा आहे असे तोंडाने म्हणणे सोपे असते, म्हणून सभेने प्रवेशाची परीक्षा ठेवली होती. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. एवढेच.

आज आपल्याला हसू येईल. पण त्या काळच्या एखाद्या वीस वर्षांच्या पोराच्या जागी स्वतःला बसवून पहा. घरी सोवळ्यातली आई, लग्नाची बहीण, जातीच्या पंगतीवर अवलंबून असलेले सारे व्यवहार. तो बोटभर तुकडा तोंडात घालताना त्याचा हात कापला नसेल काय? कादंबरीकाराला त्या हाताचा मोह पडतो. ‘खमीर’ या शब्दाला आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. पिठात असते ते खमीर आणि माणसात असावे लागते तेही खमीर. त्या तुकड्यात दोन्हींची परीक्षा होती.

मात्र सभेत एक उणीव राहिली, आणि तीच तिला भोवली. सारा कारभार गुप्त होता. बैठका बंद दारांआड, नावे वहीत, वही कुलपात. आधी पुष्कळ सभासद जमू देऊ, मग एके दिवशी उघड होऊ, असा विचार. १८६०च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीला गेली, सभासदांची नावे फुटली, आणि पाहता पाहता सभा विरून गेली. बंद खोलीत पाव खाणारे उजेडात उभे राहू शकले नाहीत. मी त्यांना हसत नाही. का, ते पुढे कळेल. शिवाय त्यांची मेहनत अगदीच वाया गेली नाही. दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन झाला, तो उघडपणे.

तरी भीती गेली नव्हती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवली, आणि केवढे वादळ उठले! न्यायमूर्ती रानडे नि लोकमान्य टिळक हे एरवी दोन टोकांचे पुढारी, पण त्या यादीत दोघेही होते, आणि प्रायश्चित्ताच्या फेऱ्यातून दोघेही सुटले नाहीत. ही गाठ खरी सुटू लागली ती चार भिंतींच्या बाहेर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले नि भर दिवसा, सर्वांदेखत त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. तिथे कोणती वही चोरायची होती?

आता माझी खंत. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चौथीत होतो. माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राच्या वडिलांची गावात भट्टी होती. मधल्या सुट्टीत आम्ही धावत जायचो, आणि त्याचे वडील लादीतून नुकताच निघालेला पाव फोडून अर्धा त्याला, अर्धा मला द्यायचे. त्याची वाफ नाकात शिरे. घरी येताना मी ओठ पुसून, विहिरीवर चूळ भरून येई. आजी मनाने वाईट नव्हती. आळीतल्या कितीतरी बाळंतिणींची सुटका तिने रात्री-अपरात्री जाऊन केली होती. पण मुसलमानाच्या हातचे तिला चालत नसे.

त्या दिवाळीत मित्र आमच्याकडे फराळाला आला. नवा सदरा, तेल लावून बसवलेले केस, आणि हातात रुमालात बांधलेले सहा पाव. आजीने त्याला ओसरीवर बसवून पोटभर खाऊ घातले. रुमाल मात्र आत नेला नाही. ती म्हणाली, “आमच्याकडं कोनी खात नाही रे बाबू हे.” मित्राने माझ्याकडे पाहिले. रोज अर्धा पाव खाणारा मी तिथेच उभा होतो. ‘आजी, मी खातो,’ एवढे तीन शब्द बोलायचे होते. ते माझ्या तोंडून निघाले नाहीत. तो रुमाल उचलून घरी गेला. पुढे आम्ही एकाच बाकावर बसलो, एकत्र मॅट्रिक झालो, पण मधल्या सुट्टीत मी पुन्हा भट्टीवर गेलो नाही. परमहंस सभेची हकीकत प्रथम वाचली तेव्हा मला मुंबई आठवली नाही, आमची ओसरी आठवली.

म्हणून हा पाडव्याचा पाव. आता काम फार सोपे झाले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सैन्यासाठी कोरडे, टिकाऊ यीस्ट तयार झाले, आणि आज त्याच्याहून झटपट काम करणारे दाणे वाण्याकडे पुडीत मिळतात. रात्रभर सुरेची वाट पाहायला नको. अर्धा किलो मैदा, सात ग्रॅम यीस्ट, दोन चमचे साखर, चमचाभर मीठ. बोट बुडवले तर सुखाने सोसेल इतपत कोमट दूध-पाणी मिळून तीनशे मिलिलीटर. कढत मात्र घालू नये, साठ अंशांच्या आसपास ते जीव मरतात. दहा मिनिटे हाताने, पायाने नव्हे, मळावे आणि शेवटी पन्नास ग्रॅम लोणी मुरवावे. पीठ झाकून चुलीच्या उबेला ठेवले की पाऊण तासात दुप्पट होते. मग बारा गोळे करून, तूप लावलेल्या ताटलीत अंगाला अंग लावून बसवावेत, अर्धा तास पुन्हा फुगू द्यावेत, आणि दोनशे अंशांच्या भट्टीत वीस मिनिटे भाजावेत. दोन तासांत सारे आटोपते.

पहिल्या वर्षी जमलेले सहा पाव मी रुमालात बांधले आणि मित्राच्या भट्टीवर गेलो. आता ती तो चालवतो. गिऱ्हाईक उभे होते, दोन पोरे लादी उचलत होती. सर्वांसमोर रुमाल सोडला. त्याने एक पाव उचलला, दाबला, फोडून वास घेतला, नि विचारले, “कोणी केलं?”

“मी,” म्हटले.

त्याने तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि रुमालाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग उरलेला अर्धा माझ्या हातात देऊन म्हणाला, “मास्तर, मधे कच्चा आहे अजून. पुढच्या वर्षी आच जरा धीमी ठेव.”