घरांतील नाट्यगृह आणि खर्चाचा क्रम



हल्लीं मध्यम स्थितींतील कुटुंबेंहि घरांत होम थिएटर बसविण्याचा विचार करूं लागलीं आहेत. दुकानांत पाऊल टाकतांच पडद्याचे इंच, वॅटचे आंकडे आणि स्पीकरांची संख्या यांचा असा भडिमार होतो कीं, गृहस्थ गोंधळून जातो आणि जी वस्तु डोळ्यांत भरते तिच्यावरच बहुतेक रक्कम खर्चून मोकळा होतो. मग भल्या मोठ्या पडद्यावर चित्र झळकतें, परंतु पात्रें काय बोलतात तें घरांतील वडील माणसांस कळत नाहीं. याचें कारण पैशांच्या कमतरतेपेक्षां खर्चाच्या क्रमांत अधिक आहे. तो क्रम कसा असावा, याचें उत्तर या यंत्रांच्या इतिहासांत सांपडतें. कारण यांतील बहुतेक भाग ऐकण्यांतील कोणत्या ना कोणत्या अडचणींतून जन्मास आले आहेत.

प्रथम खोलीचा विचार करूं. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाचें फॉग कलासंग्रहालय १८९५ सालीं उघडलें, तेव्हां त्यांतील व्याख्यानगृह जवळजवळ निरुपयोगी ठरलें. रिकाम्या दालनांत उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही आणि पुढचे शब्द त्यांत बुडून जात. हा दोष दूर करण्याचें काम वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे आलें. सँडर्स थिएटरांतील आसनांच्या गाद्या रात्रीं उचलून आणाव्या, त्या या दालनांत मांडाव्या, ऑर्गनच्या नळीचा स्वर बंद केल्यावर नाद किती वेळ टिकतो तें मोजावें आणि सकाळ होण्यापूर्वीं गाद्या परत पोंचवाव्या, असा त्याचा क्रम पुष्कळ रात्री चालला. नाद घुमण्याचा काळ खोलीच्या घनफळावर आणि तिच्यांतील वस्तूंच्या शोषणशक्तीवर अवलंबून असतो, हा नियम त्यानें यावरून बसविला. १९०० सालीं उघडलेल्या बोस्टनच्या सिंफनी हॉलची रचना याच नियमाच्या आधारें झाली.

आपल्या दिवाणखान्यांत गुळगुळीत फरशी, कांचेच्या खिडक्या आणि उघड्या भिंती असतात. तेथें उंची यंत्रहि बिचकतें. जाड पडदे, जमिनीवर सतरंजी आणि पुस्तकांनीं भरलेलें कपाट यांस खर्च थोडा येतो. पण त्यामुळें शब्द स्वच्छ होतो. म्हणून पहिला रुपया येथें खर्चावा.

दुसरी गोष्ट संवादाची. इंग्लंडांत अॅलन ब्लमलाइन या इंजिनिअरानें डिसेंबर १९३१ मध्यें दोन मार्गांनीं ध्वनि नेण्याच्या पद्धतीसाठीं पेटंटचा अर्ज केला. बोलपटांतील नट पडद्याच्या एका टोकास असावा आणि त्याचा आवाज मात्र भलतीकडून यावा, ही विसंगति त्यास खटकली होती असें सांगतात. तिकडे अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं २७ एप्रिल १९३३ रोजीं फिलाडेल्फियांतील वाद्यवृंदाचें वादन तारांवरून वॉशिंग्टनच्या श्रोत्यांस ऐकविलें, आणि त्यांनीं दोन नव्हे, तीन मार्ग योजिले. यांतील मर्म असें कीं, दोन स्पीकरांच्या ठीक मध्यावर बसलेल्यासच आवाज मधून आल्यासारखा वाटतो. बाजूस बसलेल्यास तो जवळच्या स्पीकराकडे ओढल्यासारखा भासतो. आपल्या घरीं तर मधली जागा एकच आणि माणसें पांच!

रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून कांहीं काळ भारतांत होता. त्यानंतर १९६५ सालीं त्यानें लंडनमध्यें आपली प्रयोगशाळा काढली. तिच्या पद्धतीनें चित्रपटगृहांस सभोंवारचा ध्वनि दिला. १९८२ मध्यें ती पद्धति घरांत आली, तरी तीस मधला स्पीकर नव्हता. तो १९८७ मध्यें प्रो लॉजिक या सुधारणेबरोबर आला. १९९६ सालीं जपानांत डी.व्ही.डी. विक्रीस आली आणि पांच स्पीकर व मंद्र स्वरांचा एक, ही ५.१ ची मांडणी हळूहळू घरोघर रुळली. चित्रपटांतील बहुतेक सारें संभाषण या मधल्या स्पीकरांतून येतें. तेव्हां पाठीमागचे दोन हलके चालतील, मधला हलका चालणार नाहीं.

खर्जाचे स्वर घुमवावयाचे तर पूर्वीं कपाटाएवढी पेटी लागे. १९५४ सालीं एडगर व्हिल्चर यानें हवाबंद छोट्या पेटींतील हवेलाच स्प्रिंगप्रमाणें राबवून ही अडचण दूर केली. शिवाय स्पीकर ही दीर्घायुषी वस्तु आहे. राइस आणि केलॉग यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केलेलें तत्त्वच आजहि बहुतेक स्पीकरांत चालतें, तर रिसीव्हरमधील सोयी थोड्याच वर्षांत जुन्या होतात.

आतां वॅटचें गणित पाहूं. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबेलनीं वाढतो. कानास तो दुप्पट भासण्यास सुमारें १० डेसिबेल, म्हणजे दसपट शक्ति लागते. १०० आणि १२० वॅटमधील अंतर एक डेसिबेलहि भरत नाहीं. उलट तेवढ्याच शक्तींत ३ डेसिबेल अधिक आवाज देणारा स्पीकर घेतला तर निम्मे वॅट पुरतात.

राहतां राहिलें ध्वनि वाचणारें यंत्र. तबकडीवरून जें उचललेंच गेलें नाहीं तें पुढें स्पीकर कोठून देणार, असा युक्तिवाद १९७० नंतरच्या दशकांत स्कॉटलंडच्या लिन कंपनीनें हिरिरीनें मांडला. सुईच्या काळांत त्यांत पुष्कळ तथ्य होतें. परंतु १९८२ सालीं सी.डी. आली, ध्वनि अंकांत साठविला जाऊं लागला, आणि स्वस्त व महाग वाचकयंत्रांतील अंतर फार कमी झालें. जुनी शिकवण आज आंधळेपणानें पाळली तर पैसा वायां जातो.

समजा, एकंदर दीड लाख रुपये बाजूस काढले आहेत. माझ्या हिशेबानें पडद्यास ५० हजार, सर्व स्पीकर व सबवूफर यांस मिळून ६० हजार, रिसीव्हरास ३० हजार आणि उरलेले १० हजार तारा, घडवंच्या व पडदे यांस द्यावे. स्पीकरांच्या रकमेंतील मोठा हिस्सा पुढच्या तिघांचा असावा आणि ते एकाच मालिकेंतील असावे, म्हणजे पडद्यावर चालणाऱ्या माणसाचा आवाज वाटेंत बदलत नाहीं. पैसे कमी पडले तर मागचे दोन पुढील दिवाळीपर्यंत खुशाल थांबवावे. मात्र दुकानांतून निघण्यापूर्वीं स्फोटांचा व मोटारींचा देखावा न लावतां दोन माणसांच्या हलक्या आवाजांतील संभाषणाचा प्रसंग लावावयास सांगावें, आणि शक्य असल्यास घरांतील वडील माणसास बरोबर न्यावें. यंत्राची परीक्षा घेण्यास त्यांच्या कानांइतका चांगला परीक्षक नाहीं.

आजी-आजोबांनीं शेजारच्यास "काय म्हणाला तो?" असें एकदांहि न विचारतां चित्रपट शेवटपर्यंत पाहिला, कीं आपले पैसे कारणीं लागले असें खुशाल समजावें.